वार लावून परदेशी

तिच्या वहीच्या पानावर नऊ ओळी होत्या. पासपोर्ट, व्हिसा, विमा, रायपूर ते दिल्ली, दिल्ली ते लंडन आणि परत, राहणं, जेवण, शाळेपर्यंतचा रोजचा प्रवास आणि शेवटी ‘इतर’. इतरच्या पुढे आकडाच नव्हता. वही माझ्यापुढे सरकवत ती म्हणाली, ‘‘मॅडम, पैसे मागायला जायचं म्हटलं की पाय उचलत नाही.’’

मुलगी रायपूरच्या तात्यापाऱ्यातल्या मराठी घरातली. नुकतंच बी.एड. झालेलं. २०१५पासून हा अभ्यासक्रम दोन वर्षांचा झाला आणि त्यात वीस आठवडे शाळेत काढावे लागतात, त्यातले सोळा दुसऱ्या वर्षी. तिचे ते सोळा आठवडे अभनपूरकडच्या एका सरकारी शाळेत गेले. तिथे सहावीच्या एका पोरानं वहीत लिहिलं की दुपारी अंगणात खूप घाम असतो. ‘‘घाम अंगावर येतो रे, अंगणात कसा असेल?’’ असं तिनं विचारलं. सगळा वर्ग तिच्याकडे बघत राहिला. छत्तीसगढीत घाम म्हणजे ऊन. पोराचं वाक्य अगदी बरोबर होतं. घरात छत्तीसगढी, पुस्तकात हिंदी आणि शिकवणारीच्या मनात मराठी, अशा तीन भाषा त्या एका शब्दात भेटल्या होत्या. निरीक्षणासाठी मी मागच्या बाकावर बसले होते. त्या दिवशी तिचं पाठ टाचण बाजूला राहिलं आणि खरा पाठ झाला.

घरची भाषा एक आणि शाळेची दुसरी, अशा मुलांना वाचायला कसं शिकवायचं, हा प्रश्न तेव्हापासून तिच्या मागे लागला. लंडनमधल्या कित्येक शाळांत एकाच वर्गात बंगाली, सोमाली, पोलिश, उर्दू बोलणारी मुलं असतात. तिथल्या एका शाळेनं तिला सहा आठवडे अनुभवी शिक्षिकेच्या हाताखाली काम करू द्यायची तयारी दाखवली. पगार नाही, विद्यावेतन नाही. खर्च तुमचा तुम्ही बघा.

तीसेक वर्षं मी रायपुरात शिक्षक घडवण्याचं काम केलं. या अनुभवावरून माझं मत पक्कं झालं आहे: शिक्षकाच्या अशा प्रवासासाठी कर्ज काढू नये. वर्गणी काढावी.

याचं कारण सरळ आहे. अभियंता परदेशी शिकला तर त्याचा फायदा त्याच्या पगारात दिसतो, म्हणून बँक त्याला कर्ज देते. लहान कर्ज तारणाशिवाय, मोठ्याला घर किंवा जमीन, अशी ती पायरी असते. शिक्षिका सहा आठवडे परदेशी शिकून आली तर तिच्या पगारात एक रुपयाची वाढ होत नाही. वाढतं ते अभनपूरच्या पोरांचं वाचन. ज्याचा लाभ गावाला होतो त्याचा हप्ता एकट्या मुलीनं का भरावा? शिवाय पदवी न देणारा सहा आठवड्यांचा अनुभव बँकेच्या कुठल्या रकान्यात बसतच नाही. केंद्र सरकारची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती आहे, पण ती ठरावीक समाजघटकांतल्या विद्यार्थ्यांच्या पदव्युत्तर पदवी आणि पीएच.डी.साठी. फुलब्राइटचा शिक्षकांसाठीचा कार्यक्रम चांगला, खर्चही तेच करतात, पण तो आधीपासून नोकरीत असलेल्या माध्यमिक शिक्षकांचा. नुकती शिकून बाहेर पडलेली शिक्षिका या सगळ्यांच्या मधल्या फटीत राहते.

ही फट जुनी आहे, आणि ती कशी ओलांडायची ते आपल्याच बायकांनी दाखवून दिलं आहे. पंडिता रमाबाई १८८३ साली इंग्लंडला निघाल्या तेव्हा आदल्या वर्षी निघालेल्या त्यांच्या ‘स्त्रीधर्मनीति’ या पुस्तकाची विक्री कामी आली. पुढे चेल्टनमच्या लेडीज कॉलेजात त्या स्वतः शिकत होत्या आणि संस्कृत शिकवतही होत्या. आजच्या भाषेत त्या परदेशातल्या शिक्षक-विद्यार्थिनीच. त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावं की नाही यावर चर्चच्या धर्मगुरूंनी खल केला, हे वाचलं की आजही मला चीड येते. १८८६मध्ये आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या, त्या पदवीदान समारंभासाठी रमाबाई अमेरिकेत गेल्या आणि तिथेच थांबून बालोद्यानाची पद्धत शिकल्या. १८८७ साली त्यांनी इंग्रजीत उच्चवर्णीय हिंदू स्त्रीवर पुस्तक लिहिलं, गावोगाव भाषणं केली. त्याच वर्षी बोस्टनला रमाबाई असोसिएशन उभी राहिली. ठिकठिकाणच्या मंडळांतून लहान लहान वर्गणी, आणि दहा वर्षं मदत करण्याचं वचन. एका धनिकाचा मोठा चेक आला असता तर तो एकदाच संपला असता. दहा वर्षांच्या वचनावर शाळा चालवता येते.

त्या पैशांतून ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झालं. तिथे आलेली पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई. १८९३मध्ये धोंडो केशव कर्व्यांनी त्यांच्याशी पुनर्विवाह केला. गोदूबाईंची बहीण म्हणजे पार्वतीबाई आठवले. कर्व्यांच्या हिंगण्याच्या आश्रमासाठी वर्गणी गोळा करत हिंडणाऱ्या पार्वतीबाई १९१८ साली, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, इंग्रजी जेमतेम येत असताना अमेरिकेला गेल्या. इंग्रजी यावं म्हणून तिथे लोकांच्या घरी कामं केली आणि आश्रमासाठी पैसे घेऊन आल्या. खुद्द कर्वे १९२९ साली एकाहत्तराव्या वर्षी जगप्रवासाला निघाले. मालव्हर्न, जिनिव्हा, डेन्मार्कमधलं एल्सिनोर इथल्या शिक्षण परिषदांना गेले, पुढे अमेरिका, जपान. त्यानंतर आफ्रिका. शिकणं आणि मागणं ही दोन्ही कामं त्यांनी एकाच प्रवासात केली.

हे सगळं मी त्या मुलीला सांगितलं. ती म्हणाली, ‘‘मॅडम, ती मोठी माणसं होती.’’ मग मी तिला तिच्याच पणजोबांची आठवण करून दिली. तिच्या आजीकडून ऐकलेली गोष्ट: ते नागपुरात वार लावून जेवून शिकले. सोमवार एका घरी, मंगळवार दुसऱ्या घरी. सात घरांनी मिळून एक मुलगा शिकवला आणि कुणालाच तो जड झाला नाही. आणि आपण ज्या मातीत राहतो तिथे छेरछेरा आहे. पौष पौर्णिमेला धान घरात आलेलं असतं आणि पोरं टोपल्या घेऊन दारोदार धान मागतात. श्रीमंताचं पोरही मागतं. त्या दिवशी मागणाऱ्याला कुणी भिकारी म्हणत नाही, देणाऱ्यालाही आपण उपकार केला असं वाटत नाही.

नऊ ओळींचे आम्ही सात वार केले. लहान ओळी एकत्र केल्या, तिकीट दोन वारांत वाटलं. प्रत्येक वाराला एक देणारा, मग तो एकटा असो की पाच घरांचा गट. ‘मदत करा’ असं सांगत गेलो की लोक शंभर-दोनशे हातावर ठेवतात आणि विसरतात. ‘विम्याचा वार तुमचा’ म्हटलं की ते विम्याचा कागद बघायला मागतात. गोल बाजारातल्या एका किराणा दुकानदारानं रोजच्या प्रवासाचा वार घेतला आणि लंडनमध्ये बसचं भाडं किती, याची चौकशी तो पुढे दोन महिने करत होता.

कायद्याचं थोडं, कारण याच ठिकाणी चांगली कामं अडतात. नातेवाईक नसलेल्यांकडून वर्षभरात मिळून पन्नास हजारांवर देणग्या व्यक्तीच्या खात्यात आल्या, तर ती सगळी रक्कम तिचं उत्पन्न धरली जाते. म्हणून पैसे मुलीच्या खात्यात घेऊ नयेत. नोंदणीकृत संस्थेकडे जमा करावेत, संस्थेनं ते शिष्यवृत्ती म्हणून द्यावेत आणि पहिली पावती फाडण्याआधी सनदी लेखापालाला दाखवून घ्यावं. देणाऱ्याला करात सवलत हवी असेल तर दोन हजारांवरची रक्कम रोख चालत नाही. न्यू जर्सीतल्या मावसभावाकडे अमेरिकेचा पासपोर्ट असेल तर तो मनानं कितीही मराठी असला तरी त्याचा पैसा परदेशी देणगी ठरतो. त्याची वेगळी नोंदणी नसलेल्या संस्थेनं तो घेऊ नये. भारतीय पासपोर्ट असलेल्याचं तसं नाही. आणि पर्यटक म्हणून जाऊन वर्गात उभं राहता येईल असं कधीच गृहीत धरू नये. कोणता व्हिसा लागेल ते यजमान शाळेकडून लेखी घ्यावं, तिकीट त्यानंतर.

हा शेवटचा नियम मी चूक करून शिकले आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी एका विद्यार्थ्याचं तिकीट आम्ही आधी काढलं, व्हिसा वेळेत आला नाही, आणि परत न मिळणारे पैसे बुडाले. देणाऱ्यांपुढे हिशेब ठेवताना त्याचा आवाज कापत होता. कुणी एक शब्द बोललं नाही. पण तो मुलगा पुन्हा कुणाकडे काही मागायला गेला नाही, आणि ते नुकसान मला तिकिटापेक्षा मोठं वाटतं.

ही मुलगी गेली आणि आली. येताना तिनं फार काही आणलं नाही. तिथल्या वर्गात भिंतीवर मुलांच्या घरच्या शब्दांना जागा असते, आणि नवीन गोष्ट वाचण्याआधी मुलं ती आपल्या भाषेत एकमेकांना सांगतात, हे ती बघून आली. आता ती ज्या शाळेत शिकवते तिथल्या भिंतीवर छत्तीसगढी आणि हिंदी शब्दांच्या जोड्या आहेत. पहिली जोडी घाम आणि धूप.

परतल्यावर महिन्याभरात हिशेबाचा कागद सातही वारांच्या घरी गेला. सोबत आमंत्रण होतं: वर्गात येऊन बसा. किराणा दुकानदार दुकान पोराकडे सोपवून आला, मागच्या बाकावर गुडघे दुमडून बसला. एका मुलीनं ‘जुड़’ म्हणजे ‘ठंडा’ असं वाचून दाखवलं, तेव्हा तो मध्येच म्हणाला, ‘‘हमारी दाई भी यही कहती थी।’’ तास संपेपर्यंत तो हलला नाही.

उरलेले थोडे पैसे कुणीच परत घेतले नाहीत. त्यातून नवी वही सुरू झाली आहे. या वेळी मुलगा धमतरीचा आहे, गणित शिकवतो, आणि त्याला नेपाळमधल्या एका डोंगराळ शाळेत दोन इयत्ता एका खोलीत कशा चालवतात ते शिकायचं आहे. त्याचे वार पाचच आहेत. सोमवार, मंगळवार आणि गुरुवार लागले. किराणावाल्यानं या खेपेलाही प्रवासाचाच वार मागून घेतला, तो शुक्रवार. बुधवार अजून रिकामा आहे.