आधी कोणी जावे?

आमच्या गावी देवळाकडून येणारी वाट एका जुन्या वडापाशी दुभंगते. त्या तिठ्यावरून उजवीकडची पाणंद माझ्या घराकडे जाते आणि डावीकडची माझ्या थोरल्या बंधूंच्या घराकडे. वडिलोपार्जित घर एकच होते, तोवर या तिठ्याला काही अर्थ नव्हता. पुढे वाटण्या झाल्या, दोन घरे झाली, आणि जत्रेच्या रात्री देवाची पालखी आधी कोणत्या दारी यावी हा प्रश्न त्या वडाखाली येऊन उभा राहिला. दादांचे म्हणणे, मान वडीलकीचा. माझे म्हणणे, देवकार्यात उजवी बाजू आधी. पहिल्याच वर्षी दोन्ही घरची माणसे वाटेत आडवी झाली. भोयांचे खांदे भरून आले, दिवट्यांतले तेल सरत आले, आणि प्रत्यक्ष देव तासभर तिठ्यावर ताटकळला. शेवटी पालखी कोणाच्याच दारी न जाता देवळात परतली. तेव्हापासून ती वडापासूनच मागे फिरते, आणि आम्हां भावांचे बोलणे बंद आहे. या गोष्टीला आता बारा वर्षे झाली.

दादांचा मुलगा इंग्लंडात स्विंडन या शहरी राहतो. गोव्याची पुष्कळ कुटुंबे तिथे जाऊन स्थिरावली आहेत. मोठ्यांच्या भांडणाचा वारा त्याने कधी स्वतःला लागू दिला नाही. त्याच्या आग्रहावरून गेल्या वर्षी मी महिनाभर त्याच्याकडे जाऊन राहिलो. दर रविवारी तो वडिलांशी दूरध्वनीवरून बोले. त्या वेळी मी मुद्दाम परसात जाऊन उभा राही. त्यानेही मला कधी थांबवले नाही.

एके दिवशी तो म्हणाला, “चला, तुम्हांला आमच्या गावचे नवल दाखवतो.” मला वाटले, एखादा किल्ला असेल. निघाला तो एक चौक! चौक तरी कसा म्हणावा? पाच रस्ते तिथे येऊन मिळतात. मधोमध एक मोठे वर्तुळ आणि त्याच्या कडेने पाच लहान वर्तुळे, जणू ताम्हनाभोवती पाच पळ्या मांडाव्या. प्रत्येक लहान वर्तुळाभोवती वाहने आपल्या प्रदक्षिणेच्या दिशेने फिरतात. पण मधल्या मोठ्या वर्तुळाला लागून जाणारा ओघ मात्र उलट दिशेने वाहतो. शिवालयात सोमसूत्र न ओलांडता मागे फिरण्याची आपली रीत मला आठवली. सव्य आणि अपसव्य एकाच प्राकारात नांदताना पाहण्याचा योग मात्र परदेशी, डांबरी रस्त्यावर यावा, याची गंमत वाटली.

आमची गाडी त्या भोवऱ्याकडे निघाली तेव्हा माझी मूठ आपोआप आवळली. “काका, भियेवं नाकात,” पुतण्या हसून म्हणाला. लाल-हिरवे दिवे नाहीत, शिट्टी वाजवणारा शिपाई नाही. जागोजाग रस्त्यावर तुटक पांढऱ्या रेषा आणि टोक खाली केलेला त्रिकोण. आपल्याकडेही रस्त्यांवर हा त्रिकोण असतो; त्याचा अर्थ एवढाच, की ‘वाट द्या’. आम्ही थांबलो, निघालो, पुन्हा थांबलो, पुन्हा निघालो. आणि मला कळायच्या आत पलीकडच्या रस्त्याला लागलोसुद्धा.

पुढे एका बाजूला गाडी उभी करून आम्ही पदपथावरून ती वाहतूक पाहत राहिलो. पुतण्याने तिचा इतिहास सांगितला. पूर्वी त्या देशात अशा वर्तुळांवर आधी कोणी जावे याचा निश्चित नियम नव्हता. बाहेरची वाहने आत घुसत, आतल्यांना बाहेर पडता येत नसे, आणि सारे चक्र जागच्या जागी जखडून जाई. नोव्हेंबर १९६६ मध्ये नियम झाला: वर्तुळात शिरणाऱ्याने उजवीकडून येणाऱ्यास वाट द्यावी. या एका नियमाच्या भरवशावर फ्रँक ब्लॅकमोर नावाच्या अभियंत्याने १९७२ साली स्विंडनचे हे पंचचक्र मांडले. प्रथम काही काळ प्रत्येक लहान वर्तुळाशी एकेक पोलीस उभा केला होता. मग पोलीस गेले आणि नियम राहिला. पुढल्याच वर्षी हेमेल हेम्पस्टेड या गावी सहा लहान वर्तुळांचे चक्र झाले. स्विंडनच्या या जागेला लोक प्रेमाने ‘जादूचे वर्तुळ’ म्हणू लागले. आज अर्धशतक उलटून गेले, तरी ते फिरतेच आहे.

खरे सांगायचे, तर ‘उजवीकडून येणाऱ्यास आधी वाट’ हे शब्द ऐकताच मला मनातून गुदगुल्या झाल्या. बारा वर्षे मी दुसरे काय म्हणत होतो? साहेबांच्या देशानेदेखील उजव्या बाजूचा मान कायद्याने मान्य केला होता! हे वाक्य दादांना कसे ऐकवावे, याची जुळणीही मी मनात करू लागलो.

तोच समोर एक तांबडी गाडी आली. ती पहिल्या वर्तुळात शिरली तेव्हा ती कोणाच्या तरी उजवीकडे होती. तिच्यासाठी दुसरा थांबला. दहा पावलांवर पुढचे वर्तुळ आले. तिथे तिच्या उजवीकडे तिसराच कोणी होता. आता ती थांबली. मघा जिला मान मिळाला, तिनेच तो लगेच पुढे देऊन टाकला. मी दुसरी गाडी पाहिली, तिसरी पाहिली. प्रत्येक जण कोणाच्या तरी उजवीकडे होता आणि प्रत्येकाच्या उजवीकडे कोणी तरी होते. उजवेपण हे कोणाच्या घराला जडलेले नव्हते. ते क्षणभर हाती येई आणि पुढे जाई. आणि मला आमचा वड दिसला. पालखी देवळाकडून येते तेव्हा माझी पाणंद उजवीकडे असते, हे खरे. पण माझ्या दारची आरती घेऊन तीच पालखी तिठ्यावर परत येईल, तेव्हा समोरची दादांची पाणंद कोणत्या हाताला म्हणायची? इतकी साधी गोष्ट बारा वर्षांत माझ्या ध्यानी आली नव्हती, कारण मी एकाच जागी उभा होतो.

त्या रविवारी दूरध्वनी वाजला तेव्हा मी परसात गेलो नाही. पुतण्याने माझ्याकडे पाहिले आणि न बोलता यंत्र माझ्या हाती दिले. “कोण?” दादांनी विचारले. आवाज फार थकला होता. “मी,” एवढेच मी म्हणालो. पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग मीच म्हणालो, “यंदा पालखी आधी तुमच्या दारी जाऊ दे.” दादांनी घसा खाकरला. “छे, छे,” ते म्हणाले, “तू धाकटा. आधी तुझ्याकडे.” मी म्हटले, तुमच्याकडे, ते म्हणाले, तुझ्याकडे.

बाजूला उभा असलेला पुतण्या डोळे पुसता पुसता हसू लागला. “असे दोघेही थांबलात,” तो म्हणाला, “तर देव यंदाही वडाखालीच राहायचा!”