आजोबांची लॅटिन वही

आजोबा मराठी चौथी शिकलेले, वसईतल्या नंदाखालला केळी आणि पानवेलीची वाडी करणारे. पण रविवारी चर्चच्या माळ्यावर उभे राहून गायचे ते लॅटिनमध्ये. वही त्यांनी स्वतः लिहून काढली होती, सगळी देवनागरीत. 'एक्शेल्सिस', 'चेलिस', 'रेजीना'. फादरांनी तोंडी शिकवलेलं देवनागरीत जसंच्या तसं उतरलं होतं. इंग्रजी शाळेत गेलेली आम्ही नातवंडं मात्र रोमन अक्षरं वाचून 'एक्सेल्सिस' म्हणायचो आणि त्यांच्याकडून दुरुस्त करून घ्यायचो. ज्या अक्षरावर सूर लांबवायचा, त्याच्या डोक्यावर निळ्या शाईची जाड आडवी रेघ.

आजी खाली, लाल लुगड्यात, बायकांच्या बाजूला. वेदीवर फादर पाठमोरे, अर्धी प्रार्थना ओठांतल्या ओठांत. आजीच्या हातात जपमाळ फिरत राही, आणि मिस्सा कुठवर आली ते तिला सुरांवरून कळे. 'किरिये' म्हणजे आत्ताच सुरुवात. 'सांक्तुस'ची घंटा झाली की माळ थांबे. 'आन्युस देई' लागलं की पदर सारखा करून कम्युनियनची तयारी. पहाटे विहिरीवर रहाट ओढताना ती 'तांतुम एर्गो' गुणगुणायची. आम्ही भावंडं अंथरुणात पडून ते तिच्याकडूनच शिकलो, रहाटाच्या करकरीसकट.

डिसेंबर १९६४मध्ये पोप सहावे पॉल युखरिस्त परिषदेसाठी मुंबईला आले, तेव्हा आजोबा वसईहून गाडीने ओव्हल मैदानावर गेले होते. तोवर व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३च्या दस्तऐवजातून उपासनेत मातृभाषेला दार उघडलं होतं. त्याच दस्तऐवजात ग्रेगरियन गायनाला मानाचं स्थान द्यावं, असंही लिहिलं आहे. ते आपण फार लवकर विसरलो, याचं मला अजून वाईट वाटतं. तरी पहिल्या मराठी मिस्सेनंतर आजी घरी येऊन रडली होती, तेही मी पाहिलंय. शुभवर्तमान तिला पहिल्यांदा अख्खं कळलं होतं.

मोठी ताई पुढे नोकरीसाठी कारंजा लाडला राहिली. ते आता वाशिम जिल्ह्यात आहे. तिथे जैनांची जुनी मंदिरं, भट्टारकांच्या गाद्या, हस्तलिखितांची भांडारं. पहाटे भिंतीपलीकडून शेजारच्या आजी भक्तामर स्तोत्र म्हणायच्या, ४८च्या ४८ श्लोक, पुस्तक न उघडता. ताई सांगते, पहिल्याच दिवशी कणीक मळता मळता तिचे हात थांबले होते. शब्द कळत नव्हते, पण अंथरुणात पडून ऐकलेली आपली आजीच पलीकडे आहे, असं तिला वाटलं.

वही आता माझ्याकडे असते. 'साल्वे रेजीना'ची शेवटची ओळ संपते आणि तिच्याखाली, पान न सोडता, त्याच निळ्या शाईत मराठी गीतं सुरू होतात. साठी उलटल्यावर आजोबांनी ती नव्याने पाठ केली. त्या अक्षरांच्या डोक्यावरही रेघा आहेत, तितक्याच जाड.