दिवाळीनंतरची वाडी

आधी रहाट गेला.

श्रीवर्धन, दिवेआगर, केळशी, आंजर्ले, गुहागर या पट्ट्यात नारळी-पोफळीची वाडी घराला लागूनच असते. पुढे खळं, मग ओटी, माजघर, मागची पडवी, आणि पडवीची पायरी उतरली की वाडीच. पाऊस हस्त-चित्रात आवरता घ्यायचा, दिवाळी व्हायची आणि तुळशीच्या लग्नाच्या आगेमागे शिंपणं सुरू व्हायचं, ते मृगापर्यंत. माड थोडे दिवस तहान सोसतो. पोफळ सोसत नाही.

रहाटाला बैल किंवा रेडा जुंपलेला. लहान विहिरीवर माणूसच बसून पायाने रहाट फिरवायचा. दोरांच्या माळेला बांधलेले मातीचे लोटे भरून वर येत, पन्हळीत रिकामे होत. पन्हळीतून दोणीत, दोणीतून पाटात, पाटातून आळ्यात. आळ्यापाशी पाट फोडायचा, आळं भरलं की मातीच्या ढेकळाने बांधायचा आणि पुढच्या झाडाकडे सरकायचं. ओल्या मातीत पाय गार पडत. रहाटाच्या कुरकुरीवरून शेजारच्या कुणाचं शिंपणं चालू आहे ते अंथरुणातच कळे.

पंप आला ते वाईट झालं असं मला वाटत नाही. पहाटेच्या हिवात बैलामागे फिरणारं पोर शाळेला मुकत होतं. पंपाने ते पोर सोडवलं, आणि ठिबकने पाणीही वाचवलं. पण रहाटाच्या मागोमाग काय काय निघून गेलं त्याची नोंद कुणी ठेवली नाही, ती ठेवायला हवी.

लोटे गेले. दर हंगामाला काही फुटायचेच. त्यामुळे कार्तिकात कुंभाराला काम असे. पुढे पत्र्याचे डबे आले, आणि पंपानंतर तेही नकोत.

बैल गेला. रहाट नाही, नांगराला पॉवर टिलर, मग गोठ्यात बैल कशाला? बैलाबरोबर शेण गेलं. वाडीतल्या कोपऱ्यातली गायरी, म्हणजे शेणखताचा खड्डा, बुजली. आणि शेण नाही म्हटल्यावर खळं राहील कसं?

खळ्याबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण दिवाळीनंतरच्या कामांत मला सगळ्यांत मोलाचं वाटतं ते हेच. चार महिन्यांच्या पावसाने अंगण धुऊन निघालेलं असे. गवत माजलेलं, खड्डे पडलेले, कडेला शेवाळ. आधी गवत खरवडायचं. मग तांबडी माती आणून उंचसखल जागा भरायची, पाणी मारायचं आणि चोपण्याने चोपायचं. चोपणं म्हणजे मुठीचा जाड लाकडी फळा. चारपाच जणी ओळीने उकिडव्या बसून मागे मागे सरकत चोपत जात. सगळ्यांचा ठोका एक पडला की आवाज बदले, आणि आवाज बदलला की जमीन बसली असं समजायचं. मग एक दिवस सुकू द्यायचं, भेगा पडल्या की पुन्हा पाणी, पुन्हा चोपणं. शेवटी सारवण. शेणात कोळशाची पूड कालवली की रंग काळसर आणि अंग तुकतुकीत येई. सारवणारीचा हात जेवढा लांब पोचेल तेवढा एक अर्धगोल, त्याला लागून दुसरा. वाळल्यावर सगळ्या खळ्यावर ते अर्धगोल उमटून राहत, आणि कुठला कुणाच्या हाताचा ते घरातल्यांना ओळखता येई.

या खळ्यावर भात झोडलं जाई, कुळीथ वाळत, लग्नाच्या पंगती उठत. आता तिथे कोबा असतो, नाहीतर पेव्हर ब्लॉक. गाडी लावता येते. पावसात चिखल होत नाही. घरात माणसं दोन, दोघंही सत्तरीपुढची. त्यांनी चोपत बसावं असं कोण म्हणेल?

खळं झालं की मांडव. जुन्या पोफळींचे खांब, वर बांबू, त्यावर नारळाचे झाप. उन्हाळाभर सावली याच मांडवाची, आणि तो उतरायचा मृगाच्या तोंडावर.

झाप विणणं ही बायकांची आणि म्हाताऱ्यांची कला. माडाला महिन्याला साधारण एक नवी झावळ येते, म्हणजे वर्षाला एका माडाच्या बारा झावळ्या खाली येणार. त्या विहिरीजवळच्या डबक्यात भिजत घालायच्या. भिजून लवचीक झाली की झावळ दांड्यातून मधोमध उभी चिरायची. अर्धा दांडा पायाच्या अंगठ्याने दाबून धरायचा आणि एक पात वर, एक खाली असं टोकाकडे विणत जायचं. चांगल्या झापातून ऊन गळत नाही, वारा मात्र येतो. प्लास्टिकच्या हिरव्या जाळीखाली बसून पाहा, फरक कळेल. जाळी तिसऱ्या वर्षी फाटते आणि तिच्या चिंध्या वाडीत सापडत राहतात. जुना झाप चुलीत किंवा बंबाखाली जाई. आता झावळ्या पडतात आणि वाडीतच कुजतात, किंवा कडेला ढीग करून पेटवून देतात. माल आहे. अंगठा दाबून बसणारं कुणी नाही.

हीर काढून खराटे करणं अजून टिकून आहे. बरं आहे.

पातेरा गोळा करणं गेलं. वई घालणं गेलं. करवंदीच्या काट्यांऐवजी तारा आणि सिमेंटचे खांब. बेडं गेलं, लोखंडी फाटक आलं. गडग्याचे पावसात ढासळलेले दगड दिवाळीनंतर पुन्हा चढवून ठेवायचे, तेही गेलं. दगड पडले तिथेच आहेत, त्यांवर रान चढलं आहे.

कंद खणणं जवळजवळ गेलं. मृगाच्या सुमाराला लावलेले वेल कार्तिकात पिवळे पडू लागत. वेल सुकला की पारई घेऊन बुंध्यापासून हातभर लांबून सुरुवात करायची, नाहीतर कंदाला जखम होते आणि जखमी कंद टिकत नाही. कोनफळ खोल, जांभळं. त्याला खणणाऱ्याने अर्धा दिवस द्यावा लागे. कणगरं उथळ, झुबक्याने निघणारी. करांदे वेलीवरच लटकलेले, ते मुलांनी वेचायचे. संध्याकाळी मिठाच्या पाण्यात उकडलेली कणगरं सोलून खायची, बोटं चिकट होत. नवं लावण्यासाठी प्रत्येकातला एक डोळ्यांचा भाग राखेत लोळवून पडवीच्या अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवायचा. हे जाण्याचं कारण आळस नव्हे. रानडुक्कर एका रात्रीत सगळा वाफा उकरून जातं, दिवसा वानर येतात. राखणीला माणूस नाही. दोनदा असं झालं की तिसऱ्या वर्षी कुणी लावत नाही, आणि तिसऱ्या वर्षी लावलं नाही की बियाणं संपलं. कोनफळाचं बियाणं दुकानात सहसा मिळत नाही. ते शेजारणीकडे मिळायचं.

चुलीवरच्या धुरात बियाण्यासाठी लटकवलेली दोडक्याची, पडवळाची, भोपळ्याची वाळकी फळंही गेली. धुराने बी किडत नसे. चूल गेली, गॅस आला, बी पाकिटातून आलं, आणि पाकिटातलं बहुतेक बी संकरित. त्याचं बी धरून उपयोग नाही.

पाडेली, म्हणजे झाडावर चढून नारळ-सुपारी उतरवणारा. याच्याविषयी लिहिताना मला थांबावंसं वाटतं. पोफळ वाकते, मोडत नाही, पण तिच्यावर वजन कसं टाकायचं ते शरीराला माहीत असावं लागतं. पायात दोरीचा फास, कमरेला कोयता. शेंड्याला पोचला की घड कापून दोरीने खाली सोडायचा, आणि मग खाली न उतरताच झाड झुलवायचं. एकदा, दोनदा, तिसऱ्या झोक्याला शेजारची पोफळ हातात. तिला मिठी मारून पहिली सोडून द्यायची. अशा ओळीने बाराबारा झाडं वरच्या वर उतरवणारे पाडेली होते. खाली आम्हा पोरांच्या माना दुखत.

नारळ विकास मंडळाने २०११ मध्ये केरळात माडावर चढायच्या यंत्राचं प्रशिक्षण सुरू केलं. यंत्राने माड चढता येतो, धोका कमी होतो, नवी मुलं शिकतात. हे चांगलंच काम आहे. पण यंत्र घेऊन एका पोफळीवरून दुसरीवर जाता येत नाही. दर झाडाला चढ आणि उतर. पाडेलीची मुलं पुण्यामुंबईला नोकरीला गेली आणि जायला हवीच होती. पोफळीवरून पडलेल्या माणसाला पुढे कुणी विचारत नसे, हे गावात सगळ्यांना ठाऊक आहे.

पिकून उतरलेली सुपारी सालासकट खळ्यावर वाळायला पडे. चाळीस ते पंचेचाळीस दिवसांचं ऊन लागतं तिला. दिवसा पसरायची, हलवायची; संध्याकाळी ओढून ढीग करून वर झाप टाकायचे, कारण मार्गशीर्षातलं दहिवर बसलं तर आत बुरशी शिरते. देवदिवाळी झाली तरी ते चालूच. मग रात्री कंदिलाभोवती बसून सोलणं. श्रीवर्धनी रोठा सुपारीचं नाव बाजारात ज्या गोडीमुळे झालं, त्यामागे ही रोजची उलथापालथ होती. आता बरीचशी ओलीच विकली जाते.

आणि एक काम राहिलं. कार्तिकात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो. दुपारनंतरचं तिरपं ऊन वाडीच्या नैर्ऋत्य कडेच्या पोफळींच्या बुंध्यावर थेट पडतं. कोवळा हिरवा बुंधा त्या बाजूने आधी पिवळा पडतो, मग तपकिरी, मग तिथे तडा जातो, आणि पुढे कधीतरी वादळात झाड नेमकं त्या ठिकाणी मोडतं. म्हणून त्या कडेच्या झाडांना याच दिवसांत सुकलेल्या झावळ्या आणि विऱ्या गुंडाळून बांधत. खर्च काही नाही. वाडीतलंच वाडीला.

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळाने श्रीवर्धन-दिवेआगरच्या वाड्या आडव्या केल्या. पिढ्यान्‌पिढ्यांच्या पोफळी एका दुपारी गेल्या. पोफळ फळायला सहा-सात वर्षं घेते. नंतर लावलेली रोपं आता माणसाच्या वर गेली आहेत, बुंधे कोवळे आहेत, आणि डोक्यावर सावली धरणारी जुनी झाडं उरलेली नाहीत. त्यांना या कार्तिकात झावळ्या बांधायला हव्यात. एका झाडाला पाच मिनिटं लागतात, बांधायला केळीचं सोपट पुरतं, आणि कुठल्या बाजूने बांधायचं ते दुपारी तीनला वाडीत उभं राहिलं की दिसतं.