चकाकी आधी लाकडात आणायची

निलंगा

चि. भाचीस,

तू पाठवलेल्या डब्या आणि भोवरे मिळाले. हात चांगला बसलाय तुझा. सोबत विचारलंस की, ‘यांना टिकणारी, चकचकीत पॉलिश कोणती लावू?’ हाच प्रश्न लेथवर नव्यानं बसलेली बरीच पोरं विचारतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो. हे पत्र तुझ्यासारख्या इतरांनाही खुशाल वाचायला दे.

पॉलिशच्या आधी घासकामाचं बोलू. वस्तू लेथवर फिरत असताना 120, 180, 240, 320, 400 असे पेपर क्रमानं लाव, मधला एकही गाळू नकोस. प्रत्येक नंबर झाला की लेथ बंद कर आणि तोच पेपर लाकडाच्या रेषांच्या दिशेनं हातानं फिरव. नाहीतर गोल ओरखडे राहतात आणि चकाकी आली की तेच आधी डोळ्यात भरतात. 240 नंतर ओलं फडकं फिरवून वाळू दे. उठलेलं कूस पुढच्या पेपरनं जातं. शेवटी त्याच लाकडाचा मूठभर भुगा फिरत्या वस्तूवर दाबून धर. उजेड आडवा पडेल अशी वस्तू धरून बघ. पॉलिश न लावताच ती मंद चमकली पाहिजे. तशी चमकत नसेल तर महागातला डबाही तिला वाचवणार नाही.

आता वस्तू कुणाच्या हातात जाणार, ते ठरव.

पोराच्या हातात जाणार असेल तर लाख. कर्नाटकात चन्नपट्टणला हे काम अजून जोरात चालतं. तिथं काळ्या कुड्याचं पांढरं, बारीक रेषांचं लाकूड कातून लेथवर फिरतं ठेवतात आणि त्यावर रंगीत लाखेची कांडी दाबतात. घर्षणाच्या उष्णतेनं लाख वितळून लाकडावर पसरते. मग केवड्याचं पान दाबून धरलं की रंग सारखा होतो आणि वर चकाकी चढते. ब्रश लागत नाही, थिनर लागत नाही, वाळायची वाट बघावी लागत नाही. आपल्याकडे सावंतवाडीच्या चितारआळीनं लाखकामाची आणि लाकडी खेळण्यांची परंपरा सांभाळली. ती मागं पडू लागली तेव्हा तिथल्या राजघराण्यानं, विशेषतः राणी सत्वशीलादेवींनी, ती पुन्हा उभी केली.

कांडी जमेपर्यंत चपडा, म्हणजे पापुद्र्यांची लाख, स्पिरिटमध्ये विरघळवून वापर. लिटरभर स्पिरिटला सव्वाशे ते अडीचशे ग्रॅम पुरे. पातळ हात दे, दोन-चार थर दे, जाड ओतू नकोस. बाटलीवर तारीख लिही. द्रावण जुनं झालं की लाख कडक वाळत नाही. शंका आली तर काचेवर थेंब टाकून बघ, दुसऱ्या दिवशीही बोटाला चिकटला तर फेकून दे. पावसाळी हवेत काम करशील तर पांढुरकी झाक येते, तेव्हा कोरडा दिवस निवड.

लाखेचे दोषही सांगतो. गरम कप ठेवला की डाग पडतो. सोडा-साबण तिला चालत नाही, आणि स्पिरिटमध्ये ती विरघळते. पण ज्या स्पिरिटनं ती जाते, त्याच स्पिरिटनं ती दुरुस्तही होते. नवा थर जुन्यात मिसळून एकजीव होतो. माझ्या मते टिकाऊपणाचा अर्धा भाग यात आहे.

स्वयंपाकघरात जाणाऱ्या लाटण्याला, रवीला, पळीला मात्र चकचकीत थर नकोच. रोजच्या पाण्यानं आणि घासणीनं तो सुटतो. तिथं वाळणारं तेल हवं. शेंगदाण्याचं तेल वाळत नाही, पुढं खवट होतं. जवसाचं तेल हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होतं. करडईचंही होतं, फक्त सावकाश, आणि जवसाइतकं पिवळं पडत नाही. म्हणून तर चित्रकारांच्या पांढऱ्या तैलरंगात ते वापरतात. ही दोन्ही पिकं आपल्या मराठवाड्याच्या रब्बीतली. परभणीच्या कृषी विद्यापीठानं ‘परभणी कुसुम’ नावाचं करडईचं वाण दिलंय. बांधावरची ही दोन्ही तेलं आपल्या सुतारांच्या कपाटात असली पाहिजेत, असं मला मनापासून वाटतं. दुकानातलं ‘डबल बॉइल्ड’ तेल भांड्यांना लावू नकोस, लवकर वाळावं म्हणून त्यात धातूची द्रव्यं घातलेली असतात. आणि एक गोष्ट कधीच विसरू नकोस : तेलाचे बोळे चोळामोळा करून टाकायचे नाहीत. तेल वाळताना उष्णता सुटते, बोळ्याच्या आत ती साचते आणि बोळा आपोआप पेट घेतो. फडकी दोरीवर मोकळी पसर किंवा पाण्यात बुडवून ठेव.

राहिल्या फुलदाण्या, दिव्याचे खांब, पाळण्याचे खांब. हात लागणार, पुसणं होणार, वर चकाकीही हवी. इथं पीयू, म्हणजे पॉलियुरेथेन, योग्य. दोन डब्यांचं मिश्रण असेल तर डब्यावरचं प्रमाण मोजूनच घे. पातळ थर दे, मधे 400 चा हलका हात मार. सागवान आणि शिसव तेलकट असतात, आधी थिनरनं पुसून घे, नाहीतर थर वाळत नाही किंवा पुढं सुटतो. फवारणार असशील तर साधा कापडी रुमाल चालणार नाही, त्या वाफांसाठीचा मास्क लाव आणि खोली मोकळी ठेव. मे महिन्यात आपल्याकडे थिनर भराभर उडतो आणि ब्रशच्या रेघा राहतात, म्हणून सकाळी लवकर काम उरक. एकदा घट्ट झालेला पीयू नुसत्या नव्या हातानं दुरुस्त होत नाही, घासूनच काढावा लागतो. हे गिऱ्हाइकाला आधी सांग.

कोणतीही पॉलिश आधी त्याच लाकडाच्या तुकड्यावर लाव. पूर्ण वाळल्यावर त्यावर गरम कप ठेव, ओलं फडकं ठेव, लिंबू चोळ, नखानं ओरखड. विकणाऱ्याच्या शब्दापेक्षा तो तुकडा खरं सांगेल.

आणि वस्तूच्या बुडाशी बारीक अक्षरात लिही : लाकूड कोणतं, पॉलिश कोणती, साल कोणतं. चकाकी एक ना एक दिवस उतरेलच. ती पुन्हा चढवायला जो बसेल, मग तो तुझ्या ओळखीचा नसला तरी, त्याला काय वापरायचं ते कळेल. वस्तू टिकते ती अशी, एकानंतर दुसऱ्यानं हात लावून. पुढच्या डब्यांवर हे लिहूनच पाठव.

तुझा,
मामा