वाणगावचा हर्ष

पार्सलवरचा पत्ता पावसानं पुसला होता, पिनकोड तेवढा शाबूत: ४०१५०१. बोईसर स्टेशनात डहाणू लोकलची वाट बघत बसलो होतो, खिशात पेन्सिल होती. मोठी संख्या दिसली की तिला भाग देऊन बघायचा, ही माझी जुनी खोड. अंकांची बेरीज ११, म्हणजे तीन गेला. सात, तेरा, सतरा, एकोणीस... कुणालाच दाद देईना. ही मूळ संख्याच असणार, असं धरून चाललो होतो, तर ३११ नं बरोब्बर भाग गेला, वर १२९१. दोन्ही मूळ. ३११ ही चौसष्टावी मूळ संख्या. त्रेसष्ट जणी हात हलवत परतल्या आणि चौसष्टावीनं कुलूप उघडलं. तोवर लोकल निघून गेली होती.

हा रोग इथल्याच मातीतला म्हणायचा. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर १९०५ साली डहाणूत जन्मले आणि देवळालीच्या शाळेत १९६२ पर्यंत मास्तरकी करत आकड्यांशी खेळत राहिले. मार्टिन गार्डनरनं १९७५ साली 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये लिहिलं, तेव्हा कुठे जगाला त्यांचं नाव कळलं. ज्या संख्येला तिच्याच अंकांच्या बेरजेनं निःशेष भाग जातो, तिला त्यांनी 'हर्षद' म्हटलं. बारा हर्षद, तेरा नाही. गणितात इतकं प्रेमळ नाव दुसरं नसेल.

पुढच्या गाडीत हाच उद्योग. पालघर ४०१४०४: बेरीज १३, बाकी ३. बोईसरला, म्हणजे पार्सलवरच्याच ४०१५०१ ला, ११ नं भागलं तर एकच उरतो; इतक्या जवळ येऊन हुकलेलं. खुद्द कापरेकरांचं डहाणू, ४०१६०१, बाराच्या भागाकारात ९ टाकून बसलेलं. मध्ये एकच स्टेशन, वाणगाव: ४०११०३. बेरीज ९, भागाकार ४४५६७, बाकी शून्य! बेरीज नऊ आली की नऊनं भाग जाणारच, हे चौथीतलं पोरही सांगेल. तरी खिडकीतून ते फलाट आणि डब्यात चढणारी हिरव्या मिरच्यांची पोती जरा कौतुकानंच पाहिली.

मग कापरेकरांचा दुसरा खेळ: अंक उतरत्या क्रमानं लावायचे, त्यातून चढता क्रम वजा करायचा, पुन्हा तेच. सगळे अंक सारखे नसले, तर चार अंकी संख्या जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ वर येते. त्यांचं जन्मसाल १९०५ पुरत्या सात घेतं. पालघर जिल्हा झाला ते २०१४ सालही सातच. दोघांची गाठ दुसऱ्याच पायरीला, ८१७२ वर.

सहा अंकांना मात्र असं एकच घर नाही. पालघरचा ४०१४०४ घेतला: ४४२६५६, मग ४२०८७६, ८५१७४२, ७५०८४३, ८४०८५२, ८६०८३२, ८६२६३२, ६४२६५४. आणि परत ४२०८७६. कुठेतरी चुकलो असेन म्हणून पुन्हा मांडलं. डहाणू आलं तेव्हा पार्सलच्या कागदावर तसूभर जागा उरली नव्हती, आणि ४२०८७६ तिसऱ्यांदा येऊन बसली होती.