पंगतीचा पक्षी

धर्मगुरूने पाकशास्त्रावर लिहावे, हे आमच्या काही वाचकांना विचित्र वाटेल. सेमिनरीत आम्ही तत्त्वज्ञान शिकलो, ईशज्ञान शिकलो, लॅटिनचे प्रत्यय घोकले. परंतु कांदा कसा चिरावा हे आम्हांला कोणी शिकविले नाही. भोजनाची घंटा झाली की ताट समोर येई, आणि ते कोणी रांधले याची विचारपूस करावी असेही कधी मनात आले नाही. पुढे मध्यम वयात अमेरिकेच्या मध्य-पश्चिम भागातील एका लहानशा शहरात दोन वर्षे धर्मसेवा करण्याचा योग आला, आणि तेथील चर्चच्या सभागृहामागे असलेल्या स्वयंपाकघरात आमचे हे राहून गेलेले शिक्षण झाले. "फादर, अमेरिकेत काय शिकून आलात?" असे आजही कोणी विचारते. आम्ही उत्तर देतो, "टर्की भाजायला." ऐकणारे हसतात; पण आम्ही थट्टा करीत नसतो.

टर्की हा पक्षी मूळचा अमेरिका खंडातला. मेक्सिकोतील लोकांनी तो सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी माणसाळविला. सोळाव्या शतकाच्या आरंभी स्पॅनिश लोकांनी तो युरोपात नेला आणि तेथे त्याच्या नावाचा मोठा मौजेचा गोंधळ झाला. इंग्रजांनी त्याला तुर्कस्तानचा समजून 'टर्की' म्हटले. तुर्क मात्र त्याला 'हिंदी' म्हणतात. फ्रेंचांनी त्याला हिंदुस्थानचा ठरविले. डच भाषेतील त्याच्या नावात आपले कालिकत दडलेले आहे. आणि पोर्तुगीजांनी त्याचे नाव ठेवले 'पेरू'! आपल्याकडे पेरू म्हटले की फळ आठवते, आणि गंमत अशी की ते फळही अमेरिकेतूनच आलेले. पोर्तुगीजांच्या जहाजांतून हा पक्षी गोव्याला उतरला. इ. स. १६१२ मध्ये मुकर्रबखान या सरदाराने तो गोव्याहून बादशहा जहांगीरच्या दरबारी नेला. त्याच्या डोक्या-मानेवरचे रंग सरड्यासारखे पालटताना पाहून बादशहा चकित झाला. त्याने आपल्या आठवणींत या पक्ष्याचे वर्णन लिहून ठेवले आणि मन्सूर या चित्रकाराकडून त्याचे चित्रही काढवून घेतले. मन्सूरचे टर्कीचे चित्र आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. प्रत्येक देशाने या पक्ष्याला दुसऱ्याच मुलखाचा मानले. असा हा जन्माचा पाहुणा पाहुण्यांच्याच पंगतीत मानाचे पान पटकावून बसला, याचे आम्हांला नेहमी कौतुक वाटते.

अमेरिकेत नोव्हेंबर महिन्याच्या चौथ्या गुरुवारी 'थँक्सगिव्हिंग', म्हणजे उपकारस्मरणाचा सण असतो. इ. स. १६२१ मध्ये प्लिमथ येथे इंग्रज वसाहतवाल्यांनी सुगीनंतर मेजवानी केली. सुमारे पन्नास इंग्रज आणि तेथील वाम्पानोआग जमातीचे नव्वद पुरुष तीन दिवस एकत्र जेवले. मूळ रहिवाशांनी पाच हरणे आणली होती. अब्राहम लिंकन यांनी १८६३ मध्ये, यादवी युद्धाच्या ऐन धामधुमीत, या सणाची राष्ट्रीय घोषणा केली आणि १९४१ मध्ये चौथा गुरुवार कायद्याने पक्का झाला. त्या पहिल्या पंगतीचा स्नेह मात्र टिकला नाही. पाहुणे जमिनीचे मालक झाले आणि यजमान परागंदा झाले. म्हणूनच १९७० पासून तेथील मूळ रहिवाशांपैकी काही जण त्याच दिवशी प्लिमथ येथे जमून शोक पाळतात. पंगतीला बसणे सोपे, पंगत टिकविणे कठीण, हे त्या इतिहासाने आमच्या मनावर ठसविले.

ज्या धर्मग्रामात आम्ही होतो तेथील स्वयंपाकघराची सूत्रे सत्तरी ओलांडलेल्या एका विधवा बाईंच्या हाती होती. पती हयात असताना आणि चार मुले घरात असताना त्या दरवर्षी सात किलोंचा पक्षी भाजीत. मुले दूरदूरच्या राज्यांत पांगली, पती देवाघरी गेले. पहिल्या एकाकी सणाला त्यांनी बाजारातून एका माणसापुरता मांसाचा तुकडा आणला, तो गरम केला आणि खिडकीपाशी बसून खाल्ला. दुसऱ्या दिवशी त्यांनी तेव्हाच्या धर्मगुरूंना फोन केला आणि सांगितले, "फादर, मला एकटीसाठी स्वयंपाक करता येत नाही. मला सभागृहाच्या स्वयंपाकघराची किल्ली द्या." तेव्हापासून शहरातील एकट्या माणसांसाठी तेथे सणाची पंगत बसू लागली. आम्ही गेलो त्या वर्षी चाळीस माणसे होती आणि चार पक्षी होते. एका पक्ष्यामागे दहा माणसे, हा बाईंचा हिशेब. माणशी सुमारे सहाशे-सातशे ग्रॅम कच्चे वजन धरावे. त्यात हाडे आली आणि दुसऱ्या दिवशीचे उरलेसुरलेही आले.

आता कृती. टर्की भाजणे म्हणजे तीन-चार तासांचे काम, अशी आमची समजूत होती. बाईंनी शनिवारीच आम्हांला हाक मारली. बाजारात पक्षी बहुधा गोठविलेला मिळतो आणि तो फ्रीजच्या खालच्या कप्प्यात सावकाश वितळावा लागतो. दर दोन किलोंना एक पूर्ण दिवस, म्हणजे सात किलोंच्या पक्ष्याला साडेतीन दिवस. ओट्यावर ठेवून तो वितळू देऊ नये. आतला भाग बर्फ असतानाच बाहेरचा भाग उबदार होतो आणि त्यात रोगजंतू वाढतात. वेळ कमी असेल तर पिशवीत घट्ट बांधून थंड पाण्यात बुडवावा, दर अर्ध्या तासाने पाणी बदलावे आणि वितळताच भाजायला घ्यावा. अर्ध्या किलोला साधारण अर्धा तास लागतो.

मंगळवारी संध्याकाळी पोटातली कागदी पुडी काढायची. तिच्यात मान, काळीज वगैरे असते. ते रश्श्यासाठी बाजूला ठेवायचे. मग पक्षी कोरडा टिपून त्याला मीठ चोळायचे. सात किलोंना बारीक मिठाचे सहा छोटे चमचे पुरतात. काही पक्षी मिठाचे पाणी टोचूनच विकले जातात; वेष्टनावर तसे लिहिलेले असेल तर मीठ लावू नये. मीठ लावलेला पक्षी फ्रीजमध्ये उघडाच ठेवायचा. मीठ प्रथम मांसातले पाणी बाहेर ओढते, त्या पाण्यात विरघळते आणि त्याच्यासह पुन्हा आत मुरते; भाजताना त्यामुळेच मांसाचा रस टिकतो. वरची कातडी तोवर सुकते आणि भाजल्यावर कुरकुरीत होते. येथे आमच्या भगिनींना एक गोष्ट पटणार नाही, तरी सांगतो: कच्चा पक्षी नळाखाली धुऊ नये. धुण्याने जंतू मरत नाहीत, उलट शिंतोड्यांबरोबर ओट्यावर आणि शेजारच्या कोशिंबिरीवर उडतात. त्यांना मारते ती फक्त आच.

गुरुवारी पहाटे भट्टी ३२५ अंश फॅरनहाइटला, म्हणजे सुमारे १६३ अंश सेल्सिअसला तापवायची. पक्ष्याला लोणी किंवा तेल चोळून, पसरट पात्रात जाळीवर, छाती वर करून ठेवायचा. खरी अडचण येथून पुढे सुरू होते. या एका पक्ष्यात दोन प्रकारचे मांस असते. पाळीव टर्की दिवसभर चालते, उडत मात्र नाही. म्हणून तिच्या मांड्यांचे मांस गडद आणि चिवट, तर छातीचे पांढरे आणि कोवळे. छाती आधी शिजते आणि लगेच कोरडी पडू लागते. मांड्यांना आणखी आच हवी असते. त्यासाठी मांड्यांची बाजू भट्टीच्या आत, जेथे उष्णता अधिक, तिकडे करायची आणि छातीला सोनेरी रंग आला की तिच्यावर फॉइलचा तुकडा सैलसर झाकायचा. दुबळ्याला सावली द्यावी आणि बळकटाला उन्हात उभे करावे, असा हा न्याय आहे. पोटात पावाचे सारण भरण्याची रीत जुनी असली तरी बाई ते वेगळ्या भांड्यात भाजीत. पोटात भरले की पक्षी उशिरा शिजतो आणि आतले सारण कच्चे राहण्याचे भय असते. पोटात त्या कांद्याच्या फोडी आणि सुगंधी पाला तेवढा ठेवीत.

सात किलोंच्या पक्ष्याला पावणेचार ते सव्वाचार तास लागतात; पण घड्याळावर विसंबू नये. मांसाचा थर्मामीटर मांडीच्या सर्वांत जाड भागात, हाडाला न टेकवता खुपसावा आणि छातीतही पाहावा. १६५ अंश फॅरनहाइट, म्हणजे ७४ अंश सेल्सिअस, ही सुरक्षिततेची मर्यादा आहे. मांडी त्याहून थोडी अधिक शिजली तर मऊ होते. दर पंधरा मिनिटांनी दार उघडून वर रस ओतण्याची हौस अनेकांना असते. तो रस कातडीवरून ओघळून जातो, आत शिरत नाही. भट्टीची आच मात्र प्रत्येक वेळी उतरते. आम्ही दाराकडे हात नेला की बाई नुसत्या पाहत आणि आम्ही हात मागे घेत असू. बाहेर काढल्यावरही पक्षी लगेच कापायचा नाही. अर्धा तास तसाच राहू द्यायचा, म्हणजे आतला रस स्थिरावतो. त्या अर्ध्या तासात पात्रातल्या रसावरची चरबी काढायची, त्यात थोडे पीठ भाजायचे, मान आणि काळीज उकळून केलेले पाणी घालायचे आणि दाट रस्सा करायचा. कापताना प्रथम मांड्या सोडवायच्या, मग छातीचा एकेक भाग अखंड उतरवून आडव्या चकत्या करायच्या. जेवणानंतर दोन तासांच्या आत उरलेले मांस हाडांवरून काढून फ्रीजमध्ये ठेवायचे आणि सांगाड्याचे सूप करायचे.

पाच-सहा दिवसांच्या या खटाटोपात पक्षी भट्टीत असतो तो फक्त चार तास. बाकी सारा काळ वाट पाहण्याचा. आमच्या ध्यानात आले की हा वाट पाहण्याचा काळच त्या सणाचा खरा भाग आहे. एकट्यापुरते झटपट होणारे जेवण त्या वाट पाहण्याला मुकते. सात किलोंचा पक्षी फ्रीजमध्ये येऊन बसला की घराला प्रश्न पडतो: हे खाणार कोण? मग माणसे आठवू लागतात. बाईंच्या पंगतीला रात्रपाळी संपवून आलेली केरळची एक परिचारिका होती, घरी जाण्याइतके भाडे नसलेले दोन विद्यार्थी होते, ऐकू न येणारे एक वृद्ध जोडपे होते. एक गृहस्थ दाराजवळच्या खुर्चीवर बसले. त्यांनी अंगातला कोटही काढला नाही. केव्हाही उठून जाता यावे, अशा बेताने ते जेवले. दुसऱ्या वर्षी बुधवारी संध्याकाळी दार वाजले. तेच गृहस्थ होते. त्यांनी कोट खुंटीला अडकविला आणि बटाटे कोठे आहेत असे विचारले. आपल्या मिस्साबलिदानाला ग्रीक भाषेत जे नाव आहे, 'युखारिस्त', त्याचा अर्थही उपकारस्तुती असाच आहे. शब्दार्थ आम्ही सेमिनरीत पाठ केला होता. सोललेल्या बटाट्यांची ती पाटी पाहून तो आम्हांला अधिक कळला.

हे सारे येथे लिहिण्याचे कारण आता सांगतो. आगमनकाळात आजाऱ्यांना परमप्रसाद देण्यासाठी आम्ही घरोघर जातो. आमच्या वसईत पूर्वी ज्या घरांत नाताळला बसायला जागा नसे, त्यांपैकी कित्येक घरांत आज दोनच माणसे आहेत, काहींत एकच. मुलगा कॅनडात, मुलगी आखाती देशात. दारात तारा लावलेला असतो, गोठा सजविलेला असतो, नातवंडांचे चेहरे फोनवर दिसतात. जेवणाचे काय, असे विचारले तर उत्तर येते, "दोघांसाठी काय करायचे, फादर? वाटीभर भात टाकते." ते 'काय करायचे' ऐकले की आम्हांला खिडकीपाशी बसलेल्या त्या बाई आठवतात.

टर्कीच हवी असा आमचा मुळीच आग्रह नाही. केरळ-तमिळनाडूत ती पाळली जाते आणि नाताळच्या सुमारास मुंबईच्या काही दुकानांत गोठविलेली मिळतेही. पण आपल्या घरगुती ओव्हनमध्ये सात किलोंचा पक्षी मावायचा नाही. दीड-दोन किलोंची अखंड कोंबडी मावेल. ओव्हन नसेल तर जाड बुडाचे पातेले, त्यावर झाकण आणि झाकणावर निखारे, ही आपल्या आज्यांची पद्धत आहेच. नियम तेच: आदल्या रात्री मीठ, धुणे नाही, ७४ अंशांची खात्री, आणि कापण्यापूर्वी पंधरा-वीस मिनिटांची विश्रांती. एका कोंबडीत चार-पाच माणसे जेवतात. घरात दोघे असाल, तर आणखी दोघा-तिघांची जागा ताटांत मोकळी आहे.

म्हणून यंदा नाताळच्या बाजाराची यादी करताना मसाल्यापासून आरंभ करू नका. प्रथम आळीतली एकेक घरे आठवा आणि ज्या घरात त्या दिवशी एकच ताट वाढले जाईल, त्या घराचे नाव यादीत सर्वांत वर लिहा. निरोप मात्र आठवडाभर आधी धाडा. ऐन वेळच्या आमंत्रणाला एकटी माणसे सहसा 'नको, नको' म्हणतात. आणि आलेल्या पाहुण्याला नुसते बसवून ठेवू नका. त्याच्या हाती सोलायला लसूण द्या.