रिकामी ठेवलेली दुपार

वऱ्हाडातल्या माणसाला प्रवास नवा नाही. नवी आहे ती सुटी. आमच्या बार्शीटाकळीचा माणूस लग्नाला जातो, मयतीला जातो, दवाखान्यासाठी अकोल्याला आणि तेथे भागले नाही तर नागपूरला जातो. शेजारीपाजारी शेगावची वारी करतात, माहूरगड चढतात. आम्हा ख्रिस्ती घरांतील मंडळी सप्टेंबरात वांद्र्याच्या मोतमाऊलीला किंवा वेलंकनीला जाऊन येतात. या प्रत्येक प्रवासाला काही कारण असते, आणि परत आल्यावर ते कारण चारचौघांत सांगता येते. परंतु केवळ विसाव्यासाठी घराला कुलूप लावायचे, पैसा खर्च करायचा आणि कोठेतरी जाऊन काही न करता बसायचे, ही कल्पना आमच्या अंगवळणी पडलेली नाही. म्हणूनच असा प्रवास ठरला, की आपण त्यातही कामे शोधू लागतो. सुटीचा आराखडा करता करता तिचीच एक नोकरी होऊन बसते.

आमच्या घरी अंदमानला जाण्याचे ठरले, तेव्हा त्यालाही एक कारण होतेच. मात्र ते आम्ही मोठ्याने उच्चारीत नव्हतो. माझ्या सासूबाई पंचाहत्तरीच्या उंबरठ्यावर आहेत. त्यांना काचबिंदूने ग्रासले आहे. या विकारात दृष्टी कडेकडेने जाते, हळूहळू जाते आणि गेलेली परत येत नाही. थेंब आणि उपचार करायचे ते उरलेली राखण्यासाठी. आईंनी आयुष्यभर पाण्याची वाट पाहिली. आधी विहिरीवर, मग हातपंपावर, मग नळाच्या दिवशी पहाटे उठून. त्यांनी पाहिलेले सर्वांत मोठे पाणी म्हणजे आमच्याच तालुक्यातील महानचे काटेपूर्णा धरण. समुद्र त्यांनी चित्रांखेरीज कधी पाहिला नव्हता. डोळे आहेत तोवर तो त्यांना दाखवावा, एवढीच आमची धडपड होती. दोन वर्षांची भिशी लागली आणि पैशाचा प्रश्न सुटला. उरला तो आठ दिवसांचा.

बेट कोणते निवडावे, यावर बरीच चर्चा झाली. मालवणचा सिंधुदुर्ग आणि मुरूडचा जंजिरा जवळचे. पण तेथे होडीतून चढउतार करून किल्ला पाहायचा आणि परतायचे, मुक्काम नाही. लक्षद्वीपला भारतीय नागरिकालाही प्रवेशपरवाना काढावा लागतो. अंदमानच्या मुख्य पर्यटनस्थळांसाठी तशी गरज नाही. शिवाय हावडा-मुंबई लोहमार्ग आमच्या अकोल्यावरूनच जातो. गाडीत बसलो की साधारण एका दिवसाने हावडा, आणि तेथून विमानाने दोन-सव्वादोन तासांत पोर्ट ब्लेअर. (सप्टेंबर २०२४ पासून या शहराचे नाव श्री विजयपुरम झाले आहे, जुने नाव मात्र अजून सर्वांच्या तोंडी आहे.) जहाजाचा प्रवास तीन-चार दिवसांचा म्हणून आम्ही तो सोडून दिला. ईस्टर झाला, मुलांच्या परीक्षा संपल्या आणि एप्रिलअखेरचा आठवडा पक्का झाला. मेच्या तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास मोसमी पाऊस अंदमानात पोहोचतो. त्याच्या आत परतायचे होते. तेथील उन्हाळ्याची भीती आम्हाला कोणी घालू शकले नाही. अकोल्याचा पंचेचाळीस अंशांचा पारा सोसणाऱ्यांना बत्तीस-तेहतीस अंशांचे काय! दमटपणा मात्र वेगळा, तो गेल्यावर कळला.

माझ्या यजमानांनी एक दोनशेपानी वही आणली आणि पहिल्याच रात्री ती निम्मी भरली. आठ दिवसांत एकवीस ठिकाणे! सकाळी सहापासून रात्री नऊपर्यंत तासांची आखणी. ती वही पाहून आईंनी एकच प्रश्न विचारला, "अन् जेवाचं कवा?"

त्या प्रश्नाने आखणीची दिशा बदलली. घरातील सर्वांत सावकाश चालणाऱ्या माणसाच्या पावलाने दिवस मोजायचा, असे आम्ही ठरवले. म्हणजे दिवसाला एकच मोठी गोष्ट. दुसरा नियम असा, की प्रत्येकाने आपली एकच इच्छा सांगायची आणि ती बाकीच्यांनी विनातक्रार पाळायची. कन्येने सेल्युलर जेल मागितले. सहावीतल्या चिरंजीवांनी पाण्याखालचे प्रवाळ मागितले. यजमानांना नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीपावरील भग्नावशेष पाहायचे होते. ब्रिटिशांच्या काळातील हे रॉस बेट; डिसेंबर २०१८ मध्ये त्याला आजचे नाव मिळाले, आणि त्याच वेळी हॅवलॉकचे स्वराज द्वीप व नीलचे शहीद द्वीप झाले. मी रविवारची मिस्सा तेथील कॅथेड्रलमध्ये मागितली. आई म्हणाल्या, "मले पान्याच्या काठी बसू द्या. कोनी हाक मारू नका, बस्स." वहीत ही इच्छा कोणत्या रकान्यात लिहावी, हे यजमानांना कळेना. अखेर शहीद द्वीपावरील एक पूर्ण दुपार कोरी ठेवली आणि तीवर चौकट आखली.

त्यानंतर घड्याळाचा विचार करावा लागला. देशभर वेळ एकच, पण सूर्याला ते ठाऊक नाही. अंदमान आपल्या अकोल्याहून सुमारे पंधरा-सोळा रेखांश पूर्वेला. प्रत्येक रेखांशाला चार मिनिटे धरली तर सूर्य तेथे तासाभराने आधी उगवतो. एप्रिलअखेरीस पहाटे पाचला लख्ख उजाडते आणि सायंकाळी साडेपाचच्या सुमारास सूर्य बुडतो. अंधुक प्रकाशात आईंना पायरी दिसत नाही. तेव्हा त्यांच्यासाठी दिवस पाचला सुरू करून पाचला संपवायचा, हे ओघानेच आले. जेलमधील रात्रीचा ध्वनिप्रकाशाचा कार्यक्रम मुलांनी वडिलांबरोबर पाहावा. मी आणि आई खोलीवर थांबू, थेंब घालू आणि रोझरी म्हणू.

वहीतले एक ठिकाण मात्र वयामुळे नव्हे, वेगळ्याच कारणाने खोडले गेले. बाराटांग येथे चुनखडीच्या गुहा आहेत. तेथे जाणारा रस्ता जारवा या आदिवासींच्या राखीव अरण्यातून जातो. वाहने ठरावीक वेळी ताफ्याने सोडली जातात. वाटेत थांबण्यास आणि छायाचित्रे घेण्यास मनाई आहे. २०१२ मध्ये जारवा स्त्रियांना पर्यटकांसमोर नाचायला लावल्याची चित्रफीत प्रसिद्ध झाली, तेव्हा देशभर संताप उसळला होता. पुढे जानेवारी २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने काही आठवडे या रस्त्यावर पर्यटकांना बंदीही घातली होती. आमच्या जेवणाच्या पाटावर यावर दोन रात्री वाद झाला. गुहा पाहायला जाणे गैर नाही, असे यजमानांचे म्हणणे. आणि ते खोटेही नव्हते. पण कन्या म्हणाली, "आपण गुहेसाठी जाऊ, पण रस्ताभर खिडकीबाहेर त्यांनाच शोधत राहू." यावर कोणाजवळ उत्तर नव्हते. यजमानांनी स्वतःच रेघ मारली. सुटीच्या आखणीत काय पाहायचे याइतकेच काय पाहायचे नाही हेही ठरवावे लागते, आणि मुले ऐकत असताना ते ठरवले तर त्याचा संस्कार होतो.

प्रत्यक्ष प्रवासाविषयी थोडक्यात सांगते. सेल्युलर जेलचे बांधकाम १८९६ ते १९०६ या काळातले. मध्यभागी मनोरा आणि त्यापासून चक्राच्या आऱ्यांसारख्या निघालेल्या सात इमारती. आज त्यांतील तीन उभ्या आहेत. एका इमारतीच्या कोठड्यांचे दार दुसरीच्या पाठीकडे, म्हणजे एका कैद्याला दुसऱ्याचा चेहराही दिसू नये. १९११ ते १९२१ अशी दहा वर्षे सावरकर येथे होते. मराठी माणूस तेथे येतो तो त्यांची कोठडी पाहायला. कन्येने मात्र भिंतींवरील नावे वाचायला सुरुवात केली. आईंना अक्षरे दिसत नव्हती. म्हणून ती एकेक नाव मोठ्याने वाची, त्यात बंगाली नावे फार. आई दर नावाला मान हलवीत. बऱ्याच वेळाने त्यांनी विचारले, "याइच्या मायांना कोनी सांगतलं असन का?" माहिती देणारा फलक या प्रश्नाजवळ पोहोचत नाही.

प्रवाळांसाठी वांडूरहून जॉली बॉय बेटावर गेलो. हा महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यानाचा भाग. एकदाच वापरून फेकण्याचे प्लास्टिक तेथे नेऊ देत नाहीत. चिरंजीव तोंडाला नळी लावून पाण्यात उतरले. आईंना आम्ही तळाला काच बसवलेल्या होडीत बसवले. त्यांना काय दिसणार, अशी मनात धाकधूक होती. पण काचबिंदूने त्यांची नजर आधीच एका चौकटीपुरती केलेली. होडीची काचही तशीच एक चौकट. बाजूचे दिसत नाही याचे दुःख तेथे कोणालाच नव्हते, कारण बाजूला पाहायचे कोणालाच नव्हते. निळे-पिवळे मासे काचेखालून गेले, तेव्हा सर्वांत आधी बोट आईंचे गेले. किनाऱ्यावर चिरंजीवांनी एक शिंपला उचलला. वन्यजीव कायद्याने प्रवाळ आणि अनेक जातींचे शंख-शिंपले नेण्यास बंदी आहे, विमानतळावर सामान तपासतात. त्याने तो परत ठेवला. पण त्याआधी आजीच्या हातात दिला आणि तिने तो दोन्ही अंगठ्यांनी चाचपून पाहिला.

रविवारी स्टेला मारिस कॅथेड्रलमध्ये गेलो. पोर्ट ब्लेअरचा धर्मप्रांत १९८४ मध्ये स्थापन झाला; पण तेथील कॅथोलिक समाजाचे मूळ त्याहून जुने. १९१८ पासून रांचीच्या कॅथोलिक संस्थेमार्फत छोटानागपूरचे उरांव, मुंडा, खडिया मजूर जंगलतोडीच्या कामासाठी या बेटांवर येऊ लागले. त्यांच्या वंशजांना आजही रांचीवाले म्हणतात. आम्ही ज्या रस्त्यांवरून फिरलो, ज्या धक्क्यांवर उतरलो, त्यांमागे अशा किती हातांचे कष्ट असतील! बाकावर आमच्या शेजारी बसलेल्या एका वृद्ध बाईंनी शांतिदानाच्या वेळी आईंचा हात धरला, तो बराच वेळ सोडला नाही. एकीची हिंदी वऱ्हाडी, दुसरीची सादरी वळणाची. मिस्सा संपल्यावर दोघी भाताच्या आणि ज्वारीच्या गोष्टी बोलत राहिल्या. वहीत या भेटीला वेळ दिलेलाच नव्हता. पण दिवसाला एकच गोष्ट, हा नियम असल्याने घाई कोणालाच नव्हती.

आणि मग शहीद द्वीपावरची ती चौकटीतली दुपार. भरतपूरचा किनारा उथळ आहे. जेवून आलो तेव्हा नेमकी ओहोटी लागलेली. सकाळी पाण्याने भरलेला किनारा दूरवर उघडा पडला होता; वाळू, खडक, मृत प्रवाळांचे पांढरे तुकडे. आई खुर्चीवर बसल्या, डोळे बारीक केले आणि घाबऱ्या आवाजात म्हणाल्या, "पानी कुठी गेलं?"

आम्ही सर्वच हसणार होतो. पण त्यांचा चेहरा पाहून थांबलो. ज्या गावात पाणी गेले म्हणजे ते गेलेच, विहीर आटली म्हणजे पुढच्या मृगापर्यंत आटली, तेथून आलेल्या माणसाचा तो प्रश्न होता. आणि ज्या बाईच्या डोळ्यांतला उजेड असाच कडेने ओसरत चालला आहे, तिचाही. चिरंजीवांनी चंद्राचे आणि भरती-ओहोटीचे पाठ्यपुस्तकातले गणित सांगितले: दिवसातून दोनदा जाते, दोनदा येते, रोज सुमारे पन्नास मिनिटे उशिरा. आईंनी ऐकून घेतले. "मंग येते का वापस?" "येते, आजी." "तं बसते मी."

आणि त्या बसल्या. आम्ही ठरल्याप्रमाणे हाक मारली नाही. यजमान झाडाखाली झोपले. वही त्यांच्या उशाला. मुले लांब ओल्या वाळूत खेकड्यांची बिळे शोधत होती. मी काहीच केले नाही. असे काहीच न करणे मला मोठे कठीण गेले. दोनदा हात पिशवीकडे गेला, काहीतरी आवरावे म्हणून. पाणी परतायला लागले ते आईंना दिसण्याआधी ऐकू आले. उजेड कमी होत होता, त्यांना फारसे दिसत नसावे. पहिली पातळ लाट पायाच्या बोटांना लागली, तेव्हा त्यांनी लुगडे वर धरले नाही. भिजू दिले.

परतल्यावर शेजारणींनी विचारले, "काय काय पाहिलं?" यजमानांची वही उघडली तर एकवीसपैकी नऊच ठिकाणे झाली होती. आईंनी मात्र कोणत्याही ठिकाणाचे नाव घेतले नाही. ते पाणी दिवसातून दोनदा परत येते, एवढेच त्या येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात. डोळ्यांच्या डॉक्टरांची पुढची तपासणी झाली, थेंब वाढले. आम्हाला आधीपासून माहीत होते तेच त्यांनी सांगितले.

वाचकांपैकी कोणी आपल्या घरच्यांना घेऊन समुद्राकाठी जाणार असेल, तर तिकिटे आधी काढावी, औषधे हातातल्या पिशवीत ठेवावी, सूर्याची आणि भरतीची वेळ पाहून दिवस आखावा. प्रत्येकाला एक इच्छा विचारावी. लहानांना विचारावी, म्हाताऱ्यांना तर आवर्जून विचारावी, कारण त्यांना आयुष्यात फारसे कोणी विचारलेले नसते. आणि एक दुपार रिकामी ठेवावी. तिचे काय करायचे, हे घरातले कोणीतरी आपोआप सांगते.